शेंडा खाली, बुंधा वर

केताल्वे
सोमवार, १८ जानेवारी १९९३

श्री. बावदिलियो ओयार्सो, सुतारकाम प्रमुख,
पुएर्तो मोन्त, यांस –

काल, रविवार, १७ जानेवारी १९९३ रोजी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, केताल्वेच्या चर्चमध्ये, बिशपसाहेबांच्या आणि पाचही वाड्यांच्या देखत तुमच्या आईचा अपमान झाला. तो तुमच्या हातच्या कामामुळे झाला. वेळ मी मनगटावरच्या घड्याळात पाहिली. चौतीस वर्षं मी टपालाच्या शिक्क्यातली तारीख-वेळ बदलत होते. वेळेच्या बाबतीत माझी चूक होत नाही.

तुम्ही-बिम्ही पुरे. तू माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहेस आणि तुझं नाक मी पुसलं आहे.

तू पहिल्या बाकावर, कोट घालून, दुरुस्तीच्या त्या इंजिनियरच्या शेजारी बसला होतास. तुझी पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे सुरुवातीचं तुला दिसलं नसेल. ते सांगते.

आई चौऱ्याण्णव वर्षांची आहे. डोळे जाऊन अकरा वर्षं झाली. चर्च दुरुस्तीसाठी बंद होतं ती दोन वर्षं दर शनिवारी तिने मला विचारलं, "उघडलं का गं?" मी म्हणायची, "नाही अजून." मग ती म्हणायची, "खळगा असेल ना गं जागेवर?" मी म्हणायची, "असेल नाही तर काय, पाय फुटणार आहेत त्याला?"

चर्चमध्ये शिरल्यावर ती काठी माझ्याकडे देते, हे तुला ठाऊक असायला हवं. डाव्या हाताने पवित्र पाण्याचं भांडं, मग पहिला खांब, दुसरा, आणि तिसऱ्याशी तिचा उजवा हात आपोआप खाली जातो. तिथे आपल्या वाडीचा खळगा. गुडघे टेकताना धरायचा, उठताना दाबायचा. पिल्वे वाडीच्या बायकांनी दोनशे वर्षं तेच केलं, म्हणून त्या लाकडात तळहाताएवढा खोलगट भाग झाला. आईची आई तिथेच उठली-बसली. आई सहा वर्षांची असल्यापासून तिथेच. तो कुणी कोरलेला नाही.

काल तिचा हात खाली गेला, आणि तिथे काही नव्हतं.

तिने थोडं वर चाचपलं. मग खाली. मग खांबाला वळसा घातला. परक्या घरात दिव्याचं बटण शोधणाऱ्या माणसासारखी. मागे बायकांची रांग थांबली. गाणाऱ्यांनी दुसरं कडवं पुन्हा म्हटलं. मी म्हटलं, "आई, बस आता, नंतर बघू." तर ती मोठ्याने म्हणाली, बिशपसाहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "ओर्फेलिना, हे कुणाचं घर? मला कुठे आणलंस?"

कुणीतरी हसलं. कोण ते मला माहीत आहे, पण त्याचा हिशेब वेगळा. तेव्हा तू मागे वळून पाहिलंस. आणि पुन्हा पुढे पाहिलंस.

शेजारच्या क्लोरिंदाने मान वर केली आणि म्हणाली, "अगं बाई, तो बघ कुठे गेला!" पाच मीटर वर, कमानीच्या खाली, आपला खळगा. तिथे आता कोळी जाळं विणेल, नाहीतर एखादा उडता देवदूत टेकेल.

तू खांब उलटा उभा केलास. शेंडा खाली, बुंधा वर.

बावदिलियो, या बेटावर कोंबड्यांच्या खुराड्याचा खांबसुद्धा कुणी उलटा रोवत नाही. झाड जसं वाढलं तसंच उभं राहिलं पाहिजे, नाहीतर ते छपरात मुळं शोधत बसतं आणि घरातल्यांना स्वस्थता लाभत नाही. हे तुला बाबांनी शिकवलं, मी तिथे उभी होते. तू तर सुतार! इंजिनियरने केलं असतं तर मी एक वेळ समजू शकले असते. त्याला झाड फक्त कागदावर दिसतं.

आणि दारापाशी तुम्ही लावलेली ती पाटी. "अज्ञात कारागिरांनी उभारलेले." अज्ञात? कुणाला अज्ञात? पाच वाड्यांनी दोन-दोन खांब दिले. समोरच्या डोंगराळ किनाऱ्यावर सिप्रेसची झाडं उतरत्या चंद्रात तोडली आणि तराफ्याला बांधून खाडी ओलांडून आणली. पिल्वेच्या दोन ओंडक्यांबरोबर आलेले दोघे बुडाले, त्यांची आडनावं अजून आपल्या वाडीत आहेत. काम होड्या बांधणाऱ्यांनी केलं. त्यांना छप्पर बांधता येत नव्हतं, होडी येत होती, म्हणून त्यांनी होडी बांधली आणि पालथी घातली. वर पाहिलं की फासळ्या दिसतात. बाहेर भिंतींवर लाकडी कौलं माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक, म्हणजे आडवा पाऊस आत शिरत नाही. प्रत्येक वाडीने आपल्या खांबाखाली आपल्याच किनाऱ्यावरचा दगड ठेवला. म्हणून प्रत्येक वाडी आपल्या खांबाशी बसते, आणि माणूस गेलं की पेटी बाहेर काढण्याआधी तिची डोक्याकडची बाजू त्या खांबाला टेकवतात. बाबांची टेकवली होती. तू नव्हतास.

हे सगळं तुला माहीत आहे. लिहिलं अशासाठी, की माहीत नव्हतं असं तुला म्हणता येऊ नये.

पंधरा दिवसांत लेखी खुलासा हवा. रजिस्टर टपालाने.

ओर्फेलिना ओयार्सो
टपाल प्रतिनिधी (निवृत्त)


केताल्वे
बुधवार, १० फेब्रुवारी १९९३

बावदिलियो,

तुझा खुलासा मिळाला. चार वाक्यं. "ओर्फेलिना, गेल्या जुलैत मी तुला पत्र लिहिलं होतं. सगळं त्यात आहे. ते वाच. आईला नमस्कार."

सिस्टर बेनिग्नांनी आम्हाला शिकवलं होतं की उत्तर हे प्रश्नाहून लहान असू नये, तो उद्धटपणा होतो. पण तू सिस्टरांकडे कुठे होतास? तू रंधा मारत होतास.

जुलैतलं पत्र म्हणतोस. टपालाचं काय होतं ते तू मला सांगू नकोस. जुलैत वादळं असतात, होड्या आठवडा-आठवडा सुटत नाहीत, पिशव्या भिजतात. हा विषय इथे संपला.

इथे काय चाललं आहे ते ऐक.

त्या रविवारनंतर आईने चर्चला जायचं सोडलं. पुढच्या रविवारी मी तिचे केस विंचरले, काळी शाल काढली. ती म्हणाली, "कुठे निघालीस?" मी म्हटलं, "मिस्सा नाही, पण एदिक्तोकाका प्रार्थना सांगणार आहेत." ती म्हणाली, "मग जा की. त्यांच्या चर्चला माझी काय गरज?" त्यांचं चर्च. नव्वद वर्षांनंतर.

एदिक्तोकाकांनी हे मनाला लावून घेतलं. चाळीस वर्षं पाद्रीशिवायच्या रविवारी तेच प्रार्थना सांगतात, आणि आई नसली की त्यांचं लक्ष लागत नाही म्हणे, कारण ते चुकले की ती खोकते. एका दुपारी ते गोल पटाशी घेऊन आले.

"बाई, मी खाली एक खळगा पाडून देतो. त्याच उंचीवर, त्याच मापाचा."

"तिला कळेल."

"कशावरून? लाकूड तेच, जागा तीच. वर चरबी चोळू, वाळूने घासू. चौऱ्याण्णव वर्षांची बाई, तिला काय कळायचंय?"

"काका, तुम्ही ऐंशी वर्षांचे आहात. तुम्हाला काय काय कळत नाही ते सांगा आधी."

तरी मी होकार दिला. हे माझं चुकलं. दोन दुपारी ते खांबाशी बसून कोरत होते. क्लोरिंदाने चरबी आणली. मी स्वतः वाळूने घासलं, बोटांची सालं निघेपर्यंत. दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, आईला सांगितलं की खळगा सापडला, तुझाच हात चुकला होता. तिने शाल मागितली.

पिल्वेची सगळी वाडी खांबाभोवती उभी होती. आईने हात खाली नेला. हात बसला. तिने अंगठा आत फिरवला, मग बाहेरच्या कडेवरून फिरवला, आणि म्हणाली, "एदिक्तो."

"काय काकू?"

"हे तू केलंस?"

"छे हो, काकू! हा तोच. जुना."

"जुना? याला अजून पटाशीचा वास येतोय. आणि जुना काय डावखुऱ्या माणसाने पाडला होता?"

एदिक्तोकाका डावखुरे आहेत. लोकांना हसू आवरेना, आणि त्यांनाही आवरेना, पण हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. आई माझ्याकडे वळली. मला रागावेल असं वाटलं. तिने फक्त हात पुढे केला, काठीसाठी.

घरी आल्यावर तिने चुलीशी बसून सांगितलं. तिचे शब्द तसेच लिहिते, कारण ते तुझ्यासाठीही आहेत: "मी गेले की मला तिथे नेऊ नका. घरातून सरळ टेकडीवर न्या, मातीत. परक्या खांबाला मी डोकं टेकणार नाही."

मी म्हटलं, "आई, असं कुणाला नेतात का? बाप्तिस्मा न झालेल्यांना नेतात असं."

"मग तसंच न्या," ती म्हणाली.

तेव्हापासून ती अंथरुणावर आहे. ताप नाही, खोकला नाही. अर्धा बटाटा खाते आणि भिंतीकडे तोंड करते. दवाखान्याची बोट आली तेव्हा नर्सने तपासलं, म्हणाली, वय आहे. वय काय गेल्या महिन्यात नव्हतं?

मी थकले आहे, बावदिलियो. माझा गुडघा सुजला आहे. बाबांच्या शेडचं दार वाऱ्याने निखळलं, ते मी एकटीने दोरीने बांधलं. आत ती होडी आहे अजून, तू अर्धवट टाकून गेलास ती. कणा आणि चार फासळ्या. पंचवीस वर्षं मी ती कुणाला हलवू दिली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं, की ती पुरी करायला कोण थांबलं नाही.

लेखी उत्तर हवं. या वेळी चार वाक्यं चालणार नाहीत.

ओर्फेलिना


केताल्वे
शनिवार, २७ फेब्रुवारी १९९३

बावदिलियो,

तुझं जुलैतलं पत्र माझ्याकडे आहे. पिशवी भिजली नव्हती, होडीही वेळेवर आली होती. पुएर्तो मोन्तचा शिक्का १४ जुलै १९९२, केताल्वेचा २२ जुलै. ते मी त्याच दिवशी घेतलं आणि फडताळाच्या खालच्या खणात ठेवलं, बाकीच्यांबरोबर.

बाकीची म्हणजे बाबा गेल्यापासूनची. हे धरून एकोणीस. एकही फोडलेलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा मी तुला तार केली, स्वतःच्या हाताने, माझ्याच यंत्रावरून. तू आला नाहीस. नंतर पहिलं पत्र आलं तेव्हा मी ठरवलं की त्यात जे काही कारण असेल ते मला नको. नियमाप्रमाणे ती पत्रं 'घेण्यास नकार' असा शिक्का मारून परत पाठवायला हवी होती. मी तेही केलं नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीतली आणि त्यानंतरची ही माझी एकच अनियमितता.

मंगळवारी ते पत्र फोडलं. चाकूने, नीट. आई झोपली होती.

तू लिहिलं आहेस: "ताई, आपल्या वाडीचा खांब बुंध्याशी हातभर सडला आहे. कुजका भाग कापावाच लागेल. पुढे तीन वाटा आहेत. नवा खांब घालायचा, तो मला नको आहे. नाहीतर खाली नवा तुकडा जोडायचा, पण सांधा पायाशी आला की ओल धरतो. तीस वर्षं टिकेल, फार तर. इंजिनियर त्याच्या विरुद्ध आहेत. नाहीतर खांब उलटा करायचा. शेंड्याकडचं लाकूड ठणठणीत आहे, आणि सांधा वर कोरड्यात राहील. असा तो अजून दोनशे वर्षं उभा राहील. लोक नावं ठेवतील, ते मी ऐकून घेईन. पण आईचा खळगा वर जाईल. मला ठरवता येत नाही. तू तिला विचार. ऑगस्टअखेरपर्यंत लिहून कळव. काही आलं नाही तर तुम्ही माझ्यावर सोडलंत असं समजेन आणि जास्त टिकेल ते करीन."

आणि खाली, वेगळ्या शाईत: "सडण्याचं कारण खालचा दगड आहे. तो वाटीसारखा खोलगट आहे, त्यात पाणी साठत होतं; मी त्याला चर पाडून पाण्याला वाट करीन. दगड साठ सालच्या भूकंपानंतर बाबांनी बसवलेला. अहवालात मी कारण 'वयोमानाने' असं लिहिलं आहे. तूही कुणाला सांगू नकोस."

हे मी उभ्याने वाचलं आणि मग बसले.

आता नोव्हेंबरचंही लिहून टाकते. खांब चढवायला तू नऊ दिवस बेटावर होतास. पाचव्या दिवशी तू कुंपणापाशी आलास. क्लोरिंदा बाहेर गेली आणि तुला म्हणाली, "आई झोपल्या आहेत, उठवू नका असं सांगितलंय." ती खोटं बोलली नाही, मी जे सांगितलं तेच बोलली. आई जागी होती. स्वयंपाकघरात हाताने चाचपून बटाटे सोलत होती. तिने विचारलं, "कोण होतं गं?" मी म्हटलं, "मीटरवाला." आपल्या वाडीत तेव्हा वीज येऊन चार महिने झाले होते, तिला ते खरं वाटलं. तू फाटकाला हात लावून थोडा वेळ उभा राहिलास. फाटकाची बिजागरी वाजत होती, तिच्यात तू खिशातलं मेण भरलंस आणि गेलास. ती अजून वाजत नाही.

काल सकाळी मी आईला सगळं सांगितलं. पत्र वाचून दाखवलं, खालच्या ओळींसकट. एकोणीस पत्रांचंही सांगितलं. मीटरवाल्याचंही. मला वाटलं, ती रडेल. ती भिंतीकडून माझ्याकडे वळली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"दोघंही बापावर गेलात," ती म्हणाली. "त्याला तोंड नाही आणि तुला कान नाहीत."

मग म्हणाली, "तो दगड! मी तेव्हाच सांगितलं होतं सोफानोरला, तुमच्या बापाला. चार बैल लावून आणला, वाड्यांमध्ये सगळ्यात मोठा म्हणून. मी म्हटलं, अहो, हा दगड आहे की परात? तर म्हणे, तू भाकरीचं बघ."

बाबांचा दगड चुकीचा होता हे तिला तेहेतीस वर्षं माहीत होतं. तुला सात महिने. मला काल कळलं. बाबांनी कधी चुकीचं काही बसवलं असेल, असं माझ्या मनात आलंच नव्हतं. तुझी चूक मात्र मी दुरून ओळखायची.

मी तिला तीन वाटा पुन्हा सांगितल्या. कुठली हवी होती ते विचारलं. म्हणजे ऑगस्टमध्ये विचारायचं होतं ते फेब्रुवारीत.

ती म्हणाली, "तीस वर्षांचं मला काय करायचंय? मला एक रविवार पुरे. आणि एक तो दिवस. पुढचं पुढच्या बायका बघतील. दगड बदला, खांब सरळ करा. सडला तर पुन्हा कापतील. हात आहेत ना त्यांना?"

थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाकीच्या अठरा पत्रांत काय आहे?"

"माहीत नाही."

"वाचायची आहेत का तुला?"

"एका वेळी एकच," मी म्हटलं. खरं सांगायचं तर एवढ्याचीच ताकद आहे.

या पत्राचं उत्तर मागत नाही.

ओर्फेलिना


केताल्वे
सोमवार, १५ मार्च १९९३

बावदिलियो,

इंजिनियरसाहेबांना मी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याचं उत्तर आलं. त्यांचं म्हणणं असं: ज्या सुताराने तो खांब उभा केला, तोच सगळी जबाबदारी अंगावर घेऊन पुन्हा उतरवणार असेल, तर त्यांची हरकत नाही. दुसऱ्या कुणालाही ते हात लावू देणार नाहीत. सोबत छापील कागद आहे, त्यावर तुझी सही लागते. कागद जोडला आहे. मी तो रिकामा ठेवला आहे, तारीखसुद्धा घातलेली नाही.

एदिक्तोकाका म्हणतात, छताला टेकू देऊन तुळई बोटभर उचलायची तर चाळीस माणसं हवीत, दोन दिवस. दगड ओढायला बैल वेगळे. काम ईस्टरनंतर, सोमवार, १२ एप्रिलपासून. चंद्र उतरता आहे, वीस तारखेपर्यंत राहील.

चाळीस माणसं मजुरीवर आणता येत नाहीत, मागून आणावी लागतात, हे तुला माहीत आहे. ज्याचं काम, त्याने स्वतः दारोदार जायचं. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, आत बसायचं नाही, उत्तर मिळेपर्यंत माते चहाचा घोट घ्यायचा नाही. काम काय आणि कधी, एवढंच सांगायचं. कारण द्यायचं नाही, रडायचं नाही. समोरच्याने 'येतो' म्हणायचं नाहीतर 'येत नाही'. आणि जो येईल त्याने जन्मात कधीही बोलावलं तर आपण जायचं.

मी एकाहत्तर वर्षांत कुणाच्या दारात अशी उभी राहिले नव्हते. माझ्या कुंपणाचे खुंट मी स्वतः रोवले. एदिक्तोकाका म्हणाले, "तुमच्या वतीने मी जातो, बाई." मी म्हटलं, "तसं चालतं का?" ते म्हणाले, "नाही." मग विचारलं कशाला, देव जाणे.

नऊ दिवस लागले. पाच वाड्या, गुडघ्याला फडकं बांधून, चिखलातून. पिल्वेमध्ये अडचण आली नाही. क्लोरिंदाने तर मी तोंड उघडायच्या आत "येतो, सगळे येतो, आता आत ये आणि मिल्काओ खा, गरम आहेत" म्हणून बटाट्याची भाकरी हातात कोंबली. पण लांबच्या वाड्यांमध्ये लोकांनी मजा करून घेतली. घेणारच. मी कुणाला कमी बोलले आहे?

रोसामेल चिग्वाय आठवतो? १९६७ साली त्याने भावाला पाठवलेलं पार्सल मी दोनदा परत केलं होतं, कारण दोरीची गाठ नियमाप्रमाणे नव्हती. तो दारात आला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बायकोला हाक मारली, "अगं, बाहेर ये, टपाल आलंय चालत!" मग मला म्हणाला, "काय बाई, अर्ज आणलाय?"

मी म्हटलं, "काम खांब सरळ करण्याचं आहे. सोमवार, १२ एप्रिल, दोन दिवस."

"तीन प्रतींत आहे का?"

"सोमवार, १२ एप्रिल, दोन दिवस."

"गाठ नीट बांधली आहे ना?"

पाऊस सुरू झाला होता. मी उभी राहिले. त्याची बायको म्हणाली, "पुरे करा आता, म्हातारी भिजतेय." म्हातारी! तिच्याहून मी दोन वर्षांनी मोठी असेन. रोसामेलने आणखी एक मिनिट घेतलं, तेवढा त्याचा हक्क होता, आणि मग म्हणाला, "येतो. बैलही आणतो. तुमच्या आईला, एल्सिराकाकूंना सांगा." मग त्याने मातेची वाटी पुढे केली. इतकी कडू माते मी आयुष्यात प्यायले नाही, पण पुरी प्यायले.

त्रेचाळीस माणसं आणि बैलांच्या तीन जोड्या झाल्या. नवा दगड आपल्याच किनाऱ्यावरचा, पाठ फुगीर, त्याच्यावर पाणी थांबणार नाही. मी बादली ओतून पाहिली. बाबांचा दगड कुठे ठेवायचा ते तू सांग. आई म्हणते, कोंबड्यांना पाणी ठेवायला उत्तम.

बुंध्याला जोडायच्या तुकड्याचा प्रश्न होता. ताजं लाकूड चालणार नाही, सुकलेला, जाड सिप्रेस हवा. बेटावर तसा एकच आहे. शनिवारी मी शेडची दोरी सोडली. बाबांनी आणि तू उतरत्या चंद्रात तोडून आणलेला तो कणा, पंचवीस वर्षं छपराखाली सुकला आहे. कुठे भेग नाही, कीड नाही. एदिक्तोकाकांनी मागून दीड मीटर कापून घेतला. मी पाहायला थांबले नाही, घरात आवाज ऐकला. चार फासळ्या होत्या त्या वाडीत सरपणाला दिल्या. शेड आता रिकामी आहे. जागा मोठी दिसते.

(काकांनी कोरलेला खळगा आता वर जाईल. ते म्हणतात, जाऊ दे, डावखुऱ्या देवदूतांची सोय झाली.)

आई उठून बसते आहे, पण खाणं अर्ध्या बटाट्याच्या पुढे गेलेलं नाही. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. तिला वाट पाहायला सांगितलं आहे. ती म्हणाली, "किती?" मी तारीख सांगितली. तिने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "बघते." तिच्या आवाजात आश्वासन नव्हतं. तुला हे सांगताना मी नियम मोडते आहे, कारण द्यायचं नसतं. हे कारण म्हणून वाचू नकोस, बातमी म्हणून वाच.

सगळी घरं झाली, बावदिलियो. तुझं राहिलं आहे. पुएर्तो मोन्तपर्यंत माझा गुडघा मला नेणार नाही, म्हणून तुझ्या उंबऱ्याशी हा कागद उभा करते.

काम आपल्या वाडीचा खांब उतरवून, बुंधा जोडून, जसा वाढला तसा उभा करण्याचं आहे. सोमवार, १२ एप्रिल १९९३, सकाळी सातपासून. येतोस की येत नाहीस?

उत्तर लेखी पाहिजे, सही केलेल्या कागदासकट, आणि ते बुधवार, ३१ मार्च रोजी दुपारी चारच्या होडीने इथे पोचलं पाहिजे. पुढची होडी सोमवारी येते, तोवर माणसं पांगतील. एक शब्द लिहिलास तरी चालेल, त्याला मी उद्धटपणा म्हणणार नाही. फक्त पाकिटावर माझं नाव घालू नकोस. 'श्रीमती एल्सिरा ओयार्सो' असं लिही. मी ते धक्क्यावरून घेऊन येईन आणि आईच्या हातात देईन. फोडायचं ते तीच फोडेल, आणि वाचून क्लोरिंदा दाखवेल.

तुझी ताई,
ओर्फेलिना